‘पॉश’ शब्द बोटीतून उतरलेला नाही

पॉश सोसायटी, पॉश हॉटेल, पॉश वस्ती. हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळलाय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. त्याच्या जन्माची गोष्ट मात्र हौसेने सांगितली जाते, आणि ती थेट मुंबईच्या धक्क्याला येऊन लागते.

विलायतेहून मुंबईला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर साहेबलोक म्हणे जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेत. दोन्ही वेळा ती बाजू उत्तरेची, म्हणून ऊन कमी. त्या महागड्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापलेली असत, त्यांचाच ‘पॉश’ झाला.

ऐकायला झकास! पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. उन्हाचा हिशेबही अर्धाच जुळतो. तांबड्या समुद्रातून बोट दक्षिणेकडे उतरते. तिथे उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि नेमकी तिथेच डावी बाजू पूर्वेची, सकाळभर ऊन खाणारी.

खरी पंचाईत तारखांची आहे. ऐटबाज या अर्थाने ‘पॉश’ छापील इंग्रजीत रुळला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्राखाली तो आहे. तिकिटाची कथा मात्र छापून आलेली दिसते ती १९३५ मध्ये. शब्द आधी, बारसं नंतर.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, हाच शब्द लंडनच्या भुरट्यांच्या बोलीत किरकोळ नाण्यासाठी, अर्ध्या पेनीसाठी, वापरात होता. तो रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. शतकाच्या अखेरीस बोलीकोशांत ‘पॉश’ म्हणजे छानछोकी करणारा माणूस, असाही अर्थ नोंदलेला आहे. पैशावरून पैसेवाल्याच्या थाटाकडे हा प्रवास मला सर्वांत पटतो, पण कोशकार अजून त्यावर शिक्कामोर्तब करत नाहीत. गंमत म्हणजे रोमानी ही भारतातूनच युरोपात गेलेल्यांची भाषा, म्हणजे मराठीची दूरची नातलग. भारताशी धागा असलाच तर तो बोटीचा नव्हे, हा आहे.

आद्याक्षरांतून झालेला ‘पॉश’ खरंच आहे, पण तो वेगळा: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात त्याखालची अंतर्गत समिती सक्तीची आहे.