समुद्राच्या मिठाचा जमाखर्च

समुद्राचें पाणी खारें कां, असें मुलानें विचारलें म्हणजे घरांतील वडील माणसें सांगतात कीं, नद्या जमिनीवरील क्षार आणतात आणि उन्हानें पाणी तेवढें उडून जातें. हें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. आणि याच अर्ध्या उत्तरावर भिस्त ठेवून एका विद्वानानें पृथ्वीचें वय काढलें होतें.

मूळ कल्पना ज्योतिर्विद एडमंड हॅले यांची, १७१५ सालची. तीवरून डब्लिनच्या जॉन जोली यांनीं १८९९ मध्यें हिशेब मांडला. सर्व समुद्रांत सोडियम किती व नद्या दरसाल किती आणतात, यांचा भागाकार ८ ते ९ कोटी वर्षें आला. पृथ्वीचें आज मान्य असलेलें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें आहे!

भागाकार चुकला नव्हता. जोलींनीं समुद्रास कंजूष सावकार मानलें, एवढीच चूक. वस्तुतः त्याचें खातें चालू आहे. उथळ आखातें आटून मिठाचे थर गाडले जातात. तळाचा चिखल व खडकहि सोडियम धरून ठेवतात. जोलींनीं मोजलें तें, ढोबळ मानानें, समुद्राचें वय नसून सोडियमचा तेथील सरासरी मुक्काम होय. नद्यांच्या पाण्यांत सामान्यतः सोडियमपेक्षां कॅल्शियम अधिक असूनहि समुद्रांत तें थोडें राहतें, कारण शिंपले, प्रवाळ व सूक्ष्म जीव तें कवचांसाठीं उचलून घेतात.

खर्चाची एक मोठी वही मात्र समुद्रतळाशीं दडली होती. पृथ्वीचें कवच सरकणाऱ्या भूपट्टांचें बनलेलें आहे. दोन पट्ट जेथें दूर जातात, तेथें तप्त शिलारस वर येऊन नवा तळ तयार होतो. १९७७ सालीं गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ या पाणबुडींतून सुमारें अडीच हजार मीटर खोलीवर उष्ण झरे दिसले. समुद्राचें पाणी तेथील भेगांत शिरतें, तापतें, आपलें मॅग्नेशियम खडकास देतें आणि कॅल्शियम घेऊन परततें.

म्हणजे पट्ट वेगानें दूर सरकत असतील, तर समुद्रांत मॅग्नेशियम घटावें व कॅल्शियम वाढावें. लॉरेन्स हार्डी यांनीं १९९६ मध्यें हा विचार सविस्तर मांडला. वेगांत खरोखर किती फरक पडला याविषयीं मतभेद आहेत. पण पाणी बदललें यास साक्षी आहे. प्राचीन मिठाच्या स्फटिकांत तत्कालीन समुद्राचे थेंब कोंडलेले सांपडतात! आज एका कॅल्शियम अणूमागें मॅग्नेशियमचे सुमारें पांच अणु आहेत. १० कोटी वर्षांपूर्वींच्या क्रिटेशस युगांत तें प्रमाण एकास एकाच्या आसपास होतें. इंग्लंडांतील डोव्हरचे खडूचे कडे त्याच युगांतल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे आहेत.

जमेची बाजूहि स्थिर नाहीं. पट्टांच्या टकरींतून हिमालय उठला. पावसाचें सौम्य आम्ल त्याचे जुने खडक झिजवूं लागलें. अशा खडकांत स्ट्राँशियमचा ८७ भाराचा प्रकार ८६ भाराच्या मानानें पुष्कळ असतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत कमी. गेल्या सुमारें ४ कोटी वर्षांतील समुद्री चुन्यांत हें प्रमाण चढत गेलेलें आहे, आणि पुष्कळ भूशास्त्रज्ञ त्याचें श्रेय हिमालयास देतात. इतर म्हणतात, त्यांतील बराच भाग हिमालयांतील चुनखडकांचा असेल, तर त्यावरून सिलिकेट खडकांची झीज वाढली असें ठरत नाहीं. गंगा-ब्रह्मपुत्रेचें पाणी तपासून हा वाद अद्याप चालला आहे.