छाप की काटा? : सम संभवाचे गणित

नारळी पौर्णिमेस मालवणात नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. नारळावर नारळ आपटावा. ज्याचा फुटला तो हरला. निकाल दोनच. यावरून कोणी म्हणेल, की दोघांच्याही जिंकण्याचा संभव निम्मा-निम्मा. परंतु मुरलेला गडी असे कधीच म्हणणार नाही. तो नारळ निवडून घेतो, करवंटी किती टणक आहे ते अजमावतो, मगच पुढे होतो. तात्पर्य, निकाल दोन असणे निराळे आणि ते दोन्ही सारख्याच संभवाचे असणे निराळे. सभ्य स्त्रीपुरुषहो, संभाव्यतेच्या गणिताचा हा पहिला धडा होय.

गणिताला नाणे आवडते ते याचसाठी. त्याची एक बाजू वर येण्यास दुसरीहून अधिक कारण दिसत नाही, म्हणून छाप आणि काटा यांस आपण प्रत्येकी १/२ संभव देतो. हे केवळ मानणे नव्हे. फ्रान्सच्या ब्यूफाँच्या प्रयोगात ४,०४० फेकींत २,०४८ वेळा छाप पडला. इंग्लंडच्या कार्ल पिअर्सनने २४,००० फेकी मोजल्या, तेव्हा १२,०१२ वेळा.

आता एक उदाहरण घेऊ. नाणे दोनदा फेकले, तर निदान एकदा छाप पडण्याचा संभव किती? दालाँबेर हा थोर फ्रेंच गणिती. १७५४ साली ज्ञानकोशात लिहिताना तो येथे चुकला. पहिल्यांदाच छाप पडला तर दुसरी फेक कशाला, असे म्हणून त्याने तीन निकाल धरले : छाप, काटा-छाप, काटा-काटा. म्हणून उत्तर २/३. परंतु हे तीन निकाल समान वजनाचे नाहीत. पहिल्याच्या पोटात छाप-छाप आणि छाप-काटा असे दोन दडलेले आहेत. खरे निकाल चार, त्यांपैकी तीन अनुकूल, उत्तर ३/४.

निकाल सुटू नयेत यासाठी त्यांची शिस्तीने मांडणी करावी. ही शिस्त आपल्या घरचीच आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार सांगितला आहे, आणि 'यमाताराजभानसलगा' तर आपण शाळेतच घोकले. तीन अक्षरांचे गण आठच का? प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, म्हणून २ × २ × २ = ८. लघूच्या जागी छाप व गुरूच्या जागी काटा घाला, की तीन फेकींचे आठही निकाल समोर उभे राहतात. तिन्ही लघु असा एक 'न' गण. दोन लघु असलेले भ, ज, स. एक लघु असलेले य, र, त. आणि सर्व गुरु असा 'म'. म्हणून तीन फेकींत नेमके दोन छाप पडण्याचा संभव ३/८. 'निदान एक छाप' विचारले, तर एकही नसलेला 'म' वगळा : ७/८.

चौथी फेक वाढवली की निकाल सोळा होतात. त्यांत दोन-दोन अशी बरोबरी सहाच वेळा, पण तीन-एक अशी वाटणी आठ वेळा! सम संभव म्हणजे प्रत्येक वेळी सम वाटणी नव्हे.

येथेच माणूस फसतो. चार वेळा काटा पडला, आता छाप 'यायलाच हवा', असे मन सांगते. नाण्याला मागचे आठवत नाही. नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२५ या काळात रोहित शर्माने एकदिवसीय सामन्यांत ओळीने १२ नाणेफेकी हरल्या. ठरावीक १२ फेकी सर्व हरण्याचा संभव ४,०९६ त एक. तरी तेराव्या फेकीचा संभव १/२ च होता.

हे न उमजल्याने जत्रेतल्या अंदर-बाहरच्या पटावर हंगामाची कमाई जाते. हरलो की डाव दुप्पट करायचा, एकदा जिंकलो की सारे वसूल, ही जुगाऱ्याची आवडती युक्ती. दहा रुपयांपासून सहा डाव लावले तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० मिळून ६३० रुपये लागतात. दोन्ही बाजू सम धरल्या तर ६४ पैकी ६३ वेळा दहा रुपये मिळतील आणि एकदा ६३० जातील. त्रेसष्ट दाहे सहाशे तीस, हिशेब शून्य! त्यात पटवाल्याचा वाटा गेला की उरतो तोटाच.

याहून जड किंमत घराघरांत मोजली गेली आहे. 'तीन मुली झाल्या, आता मुलगाच' ही आशा म्हणजे तीच चूक. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे मुलग्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक. मागच्या तीन मुलींमुळे तो वाढत नाही. शिवाय मूल मुलगा की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते. तरीही दोष मात्र सुनेच्या माथी! १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून या आशेचे टोक कोठवर गेले होते ते दिसते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : निकाल किती, ते सर्व सारख्या वजनाचे आहेत काय, आणि मागच्याचा पुढच्याशी संबंध आहे काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर काढायला मग बोटांवरची गणतीही पुरते.