संगणक ‘मेला’ म्हणण्यापूर्वी

जुन्या संगणकात नवी रॅम, नवे ग्राफिक्स कार्ड बसवावे, बटण दाबावे आणि आत काहीच हलू नये! मग दुकानदार एका वाक्यात निकाल देतो, “मदरबोर्ड गेला.” आमच्यासारख्या घरात त्या वाक्याची किंमत आईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. म्हणून निकालाआधी थोडी उलटतपासणी करावी.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, असे असेल तर प्लग काढून रॅम खटका वाजेपर्यंत नीट दाबून बसवावी. प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची जोडणीही पाहावी. कोपऱ्यात असल्याने ती हमखास विसरली जाते. काहीच हलत नसेल तर 24 पिनांची मोठी जोडणी आणि समोरच्या बटणाची वायर तपासावी. दुकानातून परत आलेल्या आमच्या संगणकात हीच दोन पिनांची वायर निसटलेली होती, आणि बिल मात्र बोर्डाचे सांगितले होते!

संगणक क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल तर नव्या कार्डाची भूक पाहावी. बोर्डावरच्या खाचेतून त्याला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात; 6 पिनांची जोडणी आणखी 75, तर 8 पिनांची 150 वॅट देते. जुना पॉवर सप्लाय एवढा भार पेलेलच असे नाही. नवे भाग काढून जुन्यांवर संगणक चालतो का पाहावे. चालला, तर एकेक भाग परत जोडत जावे. दोषी आपोआप सापडतो.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक साठा राहू शकतो.