साइनचं मायनस आणि फ्लँजची भोकं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आता काचेच्या आयटी पार्कांची गर्दी झाली असली, तरी १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक असलेल्या या भागात गाळ्यागाळ्यातून मशीन शॉप अजून टिकून आहेत. अशा शॉपमध्ये येणारं फ्लँजचं एक साधं ड्रॉइंग घेऊ. मधोमध सेंटर, भोवती सेंटर लाइनचं वर्तुळ, त्यावर ‘पीसीडी २००’ (म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास), आठ भोकं, पहिलं भोक साडेबावीस अंशांवर. (पाइपच्या फ्लँजची भोकं मधल्या रेषेवर न ठेवता तिच्या दोन्ही अंगांना सारखी ठेवायची पद्धत आहे, म्हणून हे साडेबावीस.) जॉब व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर) लावून सेंटरला झिरो घेतला, की भोकाचा एक्स म्हणजे त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन आणि वाय म्हणजे त्रिज्या गुणिले साइन. आठ भोकांचे सोळा आकडे हवेत. प्रत्यक्षात निघतात दोनच : ९२.३८८ आणि ३८.२६८. उरलेलं सगळं काम प्लस-मायनस करतं, आणि घोळ होतो तो तिथेच.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे कोन ९० अंशांच्या पुढे गेला की साइन मायनस होतो. तसं होत नाही. १५० अंशांचा साइन अधिक ०.५ आहे, अगदी ३० अंशांइतकाच. ९० च्या पुढे मायनस होतो तो कोसाइन. दुसऱ्या चरणातलं भोक सेंटरच्या डावीकडे असतं म्हणून एक्स ऋण, पण ते वरच असतं म्हणून वाय धन. साइन १८० अंशांपर्यंत धन राहतो, १८० ते ३६० या तिसऱ्या आणि चौथ्या चरणांत ऋण होतो, आणि बरोबर ०, १८०, ३६० वर शून्य असतो. शून्याला चिन्ह नाही. या तीन कोनांवरचं भोक आडव्या रेषेवरच बसतं.

हा गैरसमज येतो कुठून? माझ्या मते शाळेतल्या पहिल्या व्याख्येतून. काटकोन त्रिकोणात साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, असं आपण घोकतो. बाजू आणि कर्ण दोन्ही लांबी, लांबी कधी ऋण नसते, म्हणून साइनही ऋण असू शकत नाही असं मनात पक्कं बसतं. शॉपमधला साइन बार याला दुजोराच देतो : २०० मिमीचा साइन बार, एका रोलरखाली १०० मिमी स्लिप गेज, झाला ३० अंशांचा कोन. साइन बार सहसा ४५ अंशांच्या आतच वापरतात, तेव्हा मायनसची गाठ पडतच नाही. मग काटकोन त्रिकोणात न मावणारा २०० अंशांचा कोन समोर आला की ‘मोठा कोन, म्हणजे मायनस असेल’ असा अंदाज बांधला जातो. अकरावीत व्याख्या बदलते. कोन पूर्वेकडच्या, म्हणजे धन एक्स अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा, एक त्रिज्येच्या वर्तुळावर तो जिथे थांबेल त्या बिंदूचा वाय म्हणजे साइन. त्रिकोणाची व्याख्या याच व्याख्येचा पहिल्या चरणातला तुकडा आहे. हे एक वाक्य वर्गात ठासून सांगितलं जात नाही, सूत्रांची यादी मात्र ठासून पाठ करून घेतली जाते.

त्या यादीतलंच एक : ‘आफ्टर स्कूल टू कॉलेज’. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. क्लासमध्ये चालतं, पण गणित उलटं विचारलं की गडबडतं. भोक आडव्या रेषेच्या वर की खाली, एवढं बघितलं की साइनचं चिन्ह कळतं. ते पाठ करण्याची गरज नाही.

चिन्ह चुकलं तर काय होतं, हे भोकांच्या संख्येवर आणि पहिल्या भोकाच्या कोनावर ठरतं, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आठ भोकांच्या आपल्या फ्लँजमध्ये २०२.५ अंशांच्या भोकाचा वाय उणे ३८.२६८ आहे. मायनस राहून गेलं, तर ड्रिल १५७.५ अंशांवरच्या आधीच पाडलेल्या भोकात उतरतो. खालच्या चारही भोकांच्या वायचं मायनस गेलं तर मशीन वरची चार भोकं दोनदा फिरून येतं, आवाज वेगळा येतो, जॉब उतरवल्यावर चारच भोकं दिसतात. जॉब वाचला, उरलेली चार पाडता येतात. आता पाच भोकांचं चक्र घ्या, पहिलं बरोबर ९० अंशांवर. पुढची १६२, २३४, ३०६ आणि १८ वर. २३४ अंशांच्या भोकाचा एक्स उणे ५८.७७९, वाय उणे ८०.९०२. वायचं मायनस राहून गेलं की ड्रिल १२६ अंशांवर, ९० आणि १६२ च्या बरोबर मध्ये, कोऱ्या जागेत घुसतो. तो जॉब भंगारात. चूक तीच, फक्त आडव्या रेषेच्या खालच्या भोकांचं प्रतिबिंब वर पडायला पाच भोकांच्या या रचनेत जागाच नाही.

नव्या पोरांचा आणखी एक गोंधळ मशीनसमोर उभं राहिल्यावर होतो. बऱ्याच व्हीएमसीवर वायसाठी टूल हलत नाही, टेबल हलतं. चिन्ह मात्र टूलचं धरायचं असतं, जणू जॉब स्थिर आहे आणि टूल त्याच्यावर फिरतंय. वाय मायनस दिला की टूल जॉबवर आपल्याकडे यायला हवं, म्हणून टेबल आपल्यापासून दूर सरकतं. ते पाहून ‘साइन उलटा निघाला’ म्हणत प्रोग्राममधलं चिन्ह बदलणारे असतात. साइन बरोबर असतो.

‘कोनच मायनस असेल तर साइन मायनस’ हेही अर्धवट. उणे ३० चा साइन उणे ०.५ आहे, खरं. पण उणे २०० अंश म्हणजे घड्याळाच्या दिशेने २०० अंश, आणि तिथे पोहोचल्यावर आपण १६० अंशांवर उभे असतो, दुसऱ्या चरणात. साइन अधिक ०.३४२.

मायनस म्हणजे ‘कमी’ असंही नाही. घरातल्या २३० व्होल्ट वीजपुरवठ्याचा साइन तरंग सेकंदाला ५० वेळा फिरतो, दर फेरीत १० मिलिसेकंद ऋण असतो. त्या अर्ध्यात शिखर उणे ३२५ व्होल्टच्या आसपास जातं आणि झटका तेवढाच बसतो. चिन्ह बाजू सांगतं.

ही बाजू नेहमी ‘खाली’च असते, असंही समजू नये. सर्व्हेमध्ये दिशाकोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात आणि तिथे साइन पूर्व-पश्चिम अंतर देतो. ठाणे स्टेशनवरून कल्याणची दिशा साधारण ७० अंश, म्हणून साइन धन, म्हणजे पूर्वेकडे. कल्याणहून ठाण्याची दिशा साधारण २५० अंश, साइन उणे ०.९४, म्हणजे पश्चिमेकडे. १८० च्या पुढे ऋण हा नियम तोच राहिला, फक्त ‘खाली’च्या जागी ‘पश्चिम’ आलं.

आपल्याकडचे ज्योतिर्गणिती हे चिन्ह वेगळ्या रीतीने सांभाळत. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ‘ज्योत्पत्ति’ सांगितली, पण त्यांची ज्या (साइनचं तेव्हाचं रूप) ही लांबी होती. वर्तुळाची चार पदं (म्हणजे चरणं) करून पहिल्या पदातली ज्या काढायची आणि संस्कार (म्हणजे दुरुस्ती) धन की ऋण हे केंद्र, म्हणजे ज्याची ज्या घ्यायची तो कोन, मेषादी आहे की तुलादी यावरून ठरवायचं. तूळ १८० अंशांवर सुरू होते. सूर्याच्या क्रांतीलाही तेच लागू : सायन मेष ते कन्या तो विषुववृत्ताच्या उत्तरेला, तूळ ते मीन दक्षिणेला. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्याचा भोगांश २७०, साइन उणे १, आणि ठाण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून जेमतेम ४७ अंशांवर.

उरला गणकयंत्रावरचा अंधविश्वास. एक्सेलच्या साइनला थेट १५० दिले तर उत्तर उणे ०.७१५ येतं, कारण तो त्यांना रेडियन समजतो. आधी अंशांचे रेडियन करून द्यावे लागतात. मशीनच्या फॅनुक कंट्रोलरच्या मॅक्रोमध्ये मात्र कंसातले १५० अंशच असतात. एक्सेलमध्ये पडताळा घेऊन मॅक्रोला चूक ठरवणाऱ्याने आधी हे पाहावं. आणि साइनवरून कोन उलटा काढायचा तर यंत्र अर्धंच सांगतं. आपल्या फ्लँजवर उणे ०.३८२६८ साइनची भोकं दोन आहेत, २०२.५ आणि ३३७.५ वर; यंत्र उणे २२.५ म्हणून थांबतं, म्हणजे फक्त दुसरं. एक्स आणि वाय दोन्ही देऊन कोन काढणारं फंक्शन वापरलं की चरण नक्की होतं. एक्सेलमध्ये त्यात एक्स आधी लिहायचा, बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत वाय आधी. एक्सेलचं उत्तर अंशांत करून उणे १५७.५ आलं तर त्यात ३६० मिळवायचे, ते २०२.५ चंच भोक असतं.