जुन्या खेळ-यंत्राचे अवशेष व त्यांचा संग्रह

संग्रह करण्याची आवड मनुष्यास उपजतच असते. लहान मूल नदीकांठचे गुळगुळीत दगड खिशांत भरून घरीं आणतें. थोडें मोठें झालें म्हणजे पोस्टाचीं तिकिटें, काड्यापेट्यांचे छाप, जुनीं नाणीं यांकडे वळतें. या आवडीस योग्य वळण मिळाल्यास तिजपासून इतिहासाचें ज्ञान, व्यवस्थितपणा व चिकाटी हे तीन लाभ होतात. वळण न मिळाल्यास ती निव्वळ हांव होऊन बसते. प्रस्तुत लेखांत आम्ही अशा एका संग्रहाविषयीं चार शब्द लिहिणार आहों, कीं ज्यांतील वस्तु आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या माळ्यावर आज धूळ खात पडल्या असतील, आणि त्यांचें महत्त्व कळण्यापूर्वींच त्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातील. या वस्तु म्हणजे टीव्हीस जोडून खेळावयाचें जुनें व्हिडिओ गेमचें यंत्र, त्याच्या कॅसेटी, व त्यांजबरोबर आलेले डबे, पुस्तिका आणि इतर साहित्य.

या यंत्राची वंशावळ सांगतांना प्रथम जपानांतील क्योतो शहरीं जावें लागतें. तेथें १८८९ सालीं निन्टेन्डो नांवाची पेढी निघाली. तिचा मूळ धंदा यंत्रांचा नसून फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते तयार करण्याचा होता. हें वाचून आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा जोड तेथें आजही हातानें रंगविला जातो. पत्त्यांपासून आरंभ केलेल्या या पेढीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें तांबड्या-पांढऱ्या रंगाचें यंत्र जपानांत विक्रीस काढलें. त्याची किंमत १४,८०० येन होती, व त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखालीं झाली. १९८५ पासून तेंच यंत्र निराळ्या पेटींत बसवून अमेरिकेंत विकलें जाऊं लागलें. दोन्ही मिळून ६ कोटि १९ लक्षांहून अधिक यंत्रें खपलीं, आणि अखेर २००३ सालीं त्यांचें उत्पादन थांबलें.

आपल्या देशांत मूळ जपानी यंत्र फारच थोड्या घरीं आलें. येथें ‘सामुराई’ या नांवाचें यंत्र मिळे, व १९९० नंतरच्या दशकांत ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ इत्यादि नांवांचीं स्वस्त यंत्रें आलीं. बाजारांतील बहुतेक स्वस्त यंत्रें मूळ यंत्राच्या नकला होत्या. असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असें नव्हे. रशियांत १९९२ पासून ‘डेंडी’ नांवाची अशीच नक्कल घरोघर पोंचली होती. आपला नंदुरबार जिल्हा धुळें जिल्ह्यापासून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला, तो काळ या खेळांच्या भरभराटीचाच होता. नंदुरबार व नवापूर हीं गांवें सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळें नवी वस्तु तेथें लौकर येई. शहादें व तळोदें येथें ती थोड्या उशिरानें जाई. आणि सातपुड्यांतील ज्या पाड्यांवर विजेचा खांबच पोंचला नव्हता, तेथें ती बहुधा गेलीच नाहीं. म्हणून आमच्या जिल्ह्यांत हीं यंत्रें मुळांतच थोडीं, आणि जीं होतीं त्यांतील शिल्लक राहिलेलीं त्याहून थोडीं.

आतां या वस्तूंची अंतर्रचना थोडक्यांत पाहूं. लोक जिला ‘कॅसेट’ म्हणत, तिच्यांत गाण्याच्या कॅसेटीप्रमाणें फीत नसते. प्लॅस्टिकच्या कवचाआड एक लहानशी पाटी असून तिजवर खेळाचा सर्व मजकूर कायमचा भरलेली स्मृतिचकती बसविलेली असते. पाटीच्या कडेस तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. जपानी धर्तीच्या कॅसेटीस त्या ६० असतात. या पट्ट्या यंत्राच्या खांचेंत नीट टेकल्या म्हणजेच खेळ सुरू होतो. तो सुरू न झाल्यास मुलें कॅसेट बाहेर काढून तिच्यांत फुंकर मारीत, व पुन्हां बसवितांच खेळ चालू होई. हा गुण फुंकरीचा नव्हे. कॅसेट काढून पुन्हां बसविल्यानें तुटलेला संबंध जुळे, इतकेंच. उलट श्वासांतील ओलाव्यानें तांब्याच्या पट्ट्या कालांतरानें गंजतात. ‘९९९९९९ इन १’ असे भव्य आंकडे ज्या कॅसेटींवर छापलेले असत, त्यांत खरे खेळ मोजकेच असून तेच तेच पुन्हां निराळ्या नांवांखालीं मांडलेले असत. बाजारांतील बढाईचें हें एक उत्तम उदाहरण होय.

बदकें मारण्याच्या खेळाबरोबर येणारी बंदूक तर याहून मनोरंजक आहे. पुष्कळांचा असा समज असतो कीं, ती बंदूक टीव्हीवर कांहींतरी सोडते. वस्तुतः ती कांहींच सोडीत नाहीं, ती पाहते. घोडा दाबतांच पडदा क्षणभर काळा होतो, आणि बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. त्यास तो चौकोन दिसला तर नेम लागला, न दिसला तर चुकला. जुन्या कांचेच्या नळीच्या टीव्हींत हें चित्र तत्क्षणीं उमटे. आजच्या सपाट पडद्यावर तें किंचित् विलंबानें उमटतें, म्हणून ती बंदूक तेथें निरुपयोगी ठरते. यावरून ध्यानांत येईल कीं, नुसती बंदूक ठेवून भागत नाहीं. तिच्या काळचा टीव्हीही ठेवावा लागतो. वस्तु एकटी जगत नसते. तिचे सोबती गेले म्हणजे ती मुकी होते.

दुर्मिळ कोणती वस्तु होते? जी टिकवावी असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं ती. यंत्र महाग म्हणून जपलें जातें. परंतु त्याचा पुठ्ठ्याचा डबा पहिल्याच आठवड्यांत फाटतो, माहितीची पुस्तिका केरांत जाते, व दुकानाच्या शिक्क्याची पावती हरवते. म्हणून संग्राहकांच्या जगांत पुष्कळदां यंत्रापेक्षां डब्याचीच वाण अधिक असते. कांहीं वस्तु मुळांतच थोड्या निघालेल्या असतात. निन्टेन्डोच्या १९९० सालच्या स्पर्धेसाठीं खास कॅसेटी काढल्या होत्या. त्यांत करड्या रंगाच्या ९० व सोनेरी रंगाच्या अवघ्या २६ होत्या. याच्या उलट, अमेरिकेंतील अटारी या कंपनीनें न खपलेल्या असंख्य कॅसेटी १९८३ सालीं न्यू मेक्सिको राज्यांतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरल्या. २६ एप्रिल २०१४ रोजीं तो खड्डा उकरला, तेव्हां सुमारें १,३०० कॅसेटी वर काढतां आल्या. आणि जो माल कोणी फुकट घेत नव्हता, त्यांतील एक नग स्मिथसोनियन या विख्यात संग्रहालयानें आपल्या संग्रहीं ठेवला.

येथें एका मोहाविषयीं सावध करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. जुलै २०२१ मध्यें अमेरिकेंतील एका लिलावांत १९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाच्या न उघडलेल्या एका नगास १५,६०,००० डॉलर किंमत आली. अशी बातमी वाचून आपल्या माळ्यावर लक्षावधि रुपये पडले आहेत असें कोणी समजूं नये. आपल्याकडील कॅसेटी बहुतांशीं नकला असून बाजारांत त्यांस तसें मोल नाहीं. मग त्या ठेवाव्या कां, असा प्रश्न साहजिकच येतो. आमचें उत्तर असें कीं, त्या खऱ्या आहेत म्हणून नव्हे, तर त्या आपल्या आहेत म्हणून. त्या काळीं आपल्या गांवांत काय मिळे, तें कोणत्या भावानें मिळे, आणि महागडें मूळ यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतील मुलें कशानें रमत, याची साक्ष याच नकला देऊं शकतात. मात्र नक्कल ही नक्कल म्हणूनच ठेवावी. तिजवर मूळ कंपनीचें लेबल चिकटवून ती असल म्हणून विकणारा मनुष्य शेजाऱ्यास तर फसवितोच, पण इतिहासाचीही खोटी साक्ष देतो.

जतनाचे नियम साधे आहेत. नंदुरबारच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर जातो. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या वस्तु ठेवूं नयेत, कारण ऊन व उष्णता यांनीं तें पिवळें पडतें व तडकतें. पावसाळ्यांत दमट हवेपासून जपावें. कागदास कसर लागते. यास्तव पुस्तिका व डबे कोरड्या कपाटांत ठेवून मधून मधून पाहावे, आणि फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. तांब्याच्या पट्ट्या कापसाच्या बोळ्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानें पुसाव्या. हें काम वडील माणसांच्या देखत करावें. कित्येक वर्षें बंद असलेलें यंत्र व त्याचा अडॅप्टर एकदम विजेस जोडूं नये. जाणत्या कारागिरास आधीं दाखवावा. ज्या कॅसेटींत खेळाची प्रगति राखून ठेवण्यासाठीं लहान गोल सेल असतो, तिच्यांतील सेल कालांतरानें संपतो, व त्याजबरोबर ती राखलेली प्रगतिही पुसली जाते, हेंही लक्षांत ठेवावें.

क्षुल्लक वस्तूंच्या संग्रहापासून काय निष्पन्न होतें, हें पाहावयाचें असल्यास पुण्यास जाऊन राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, आणि दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, खेळणीं अशा, इतरांनीं अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या. बालवयांत वारलेल्या आपल्या राजा या पुत्राचें नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें, व १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाच्या ध्यासामुळें महाराष्ट्राच्या घरगुती जीवनाचें दर्शन आज सर्वांस घडतें. व्हिडिओ गेमच्या बाबतींत अशा ध्यासाची निकड अधिक आहे. अमेरिकेंत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आतां बाजारांत विकतही मिळत नाहींत. जेथें हे खेळ निघाले तेथील ही स्थिति, तर आपल्याकडील बिननांवाच्या कॅसेटींची नोंद कोण ठेवणार?

ती नोंद विद्यार्थ्यांनींच ठेवावी असें आम्हांस वाटतें, आणि तीस पैसा लागत नाहीं. एक वही घ्यावी. घरांतील किंवा नात्यांतील ज्यांच्यापाशीं असें यंत्र असेल, त्यांस विनयानें विचारावें: हें कोणत्या सालीं घेतलें, कोणत्या गांवच्या दुकानांतून, किती रुपयांस, कोण कोण खेळे, शेजारचीं मुलें येत असत काय, वीज गेली म्हणजे काय करीत. उत्तरें त्यांच्याच शब्दांत, मग ती अहिराणी असो, भिली असो वा गुजराती, लिहून घ्यावींत व वस्तूचें चित्र शेजारीं काढावें. वस्तु मोडली तरी ही वही राहील. आणि वहीवांचून राहिलेली वस्तु पन्नास वर्षांनीं प्लॅस्टिकचा एक तुकडा ठरेल.

शुभवर्तमानांतील हरवलेल्या नाण्याचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या बाईपाशीं आणखी नऊ नाणीं होतीं. तरीही तिनें एकासाठीं दिवा लावून सारें घर झाडलें. घर झाडण्याचे दोन हेतु असतात. एक केर टाकण्याचा, दुसरा हरवलेलें शोधण्याचा. दिवाळी व नाताळ या सणांपूर्वीं घरोघरीं माळे रिकामे होतात. त्या वेळीं पालकांनीं भंगाराची पिशवी दाराबाहेर ठेवण्यापूर्वीं एकदां मुलांसमक्ष उघडून पाहावी, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.