कराची कणगी

नांदेड जिल्ह्यातली उमरी इतिहासात गाजली ती 30 जानेवारी 1948 च्या बँकलुटीमुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी इथली बँक लुटली. पुढे सव्वादोन वर्षांनी, 1 एप्रिल 1950 पासून, भारतीय आयकर कायदा उमरी ज्यात होती त्या जुन्या हैदराबाद राज्याला लागू झाला. तरी गावाकडच्या बहुतेक घरांशी त्याचा संबंध आलाच नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. आता अशाच घरातला एखादा इंजिनिअर मुलगा लॅपटॉपवर परदेशी कंपन्यांची कामं घेतो, तेव्हा घराण्यात पहिल्यांदा आयकर भरायची पाळी येते.

पगारदाराचा कर कंपनीच कापून भरते; हाच टीडीएस. परदेशी ग्राहक टीडीएस कापत नाही, आणि खात्यात आलेला सगळा पैसा आपलाच वाटतो. इथे शेतकऱ्याची जुनी रीत कामाला येते: बियाण्याची ज्वारी खायच्या ज्वारीत मिसळायची नाही. कराचं खातं, म्हणजे कराची कणगी, वेगळीच हवी.

पण त्यात टाकायचं किती? इथे कलम 44 एडीएची गंमत आहे. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांची वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल (रोखीचा भाग 5 टक्क्यांपर्यंत असल्यास 75 लाख), तर निम्मी जमा उत्पन्न धरता येते. खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही. समजा जमा 30 लाख. उत्पन्न 15 लाख. 2025-26 च्या नव्या कररचनेत त्यावर कर 1,05,000, उपकरासह 1,09,200. म्हणजे आलेल्या प्रत्येक लाखातून 3,640 रुपये बाजूला काढले की झालं! जमा 24 लाख असती, तर 12 लाखांवर सूट मिळून कर शून्य.

यात एक खाच आहे, आणि खेड्यातल्या माणसाला ती हमखास नडते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना हिशेबात धरतात. त्याच मुलाला स्वतःच्या जमिनीतून निव्वळ 3 लाख मिळाले, तर कर 1,50,800 वर जातो. शेतीवर एक पैसाही कर न लागता 41,600 वाढले. सातबारा वडिलांच्या नावावर आणि शेती तेच करत असतील, तर मात्र ते उत्पन्न वडिलांचं.

भारतीय ग्राहक असेल तर तो बहुधा 10 टक्के टीडीएस कापतो. तो कणगीतून वजा करावा; जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. जमा 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीसाठी सीए गाठावा.

टीडीएस वजा जाता कर 10,000 किंवा जास्त निघत असेल, तर वर्ष संपायच्या आत अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो. त्याच्या तारखा जणू कुणा शेतकऱ्याने ठरवल्यात: 15 जून म्हणजे मृगाची पेरणी, 15 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन दोन दिवसांवर, 15 डिसेंबरला कापसाची वेचणी, 15 मार्चला हरभरा घरात. 44 एडीएवाल्याला एकच तारीख, 15 मार्च. चुकली तर महिना 1 टक्का व्याज.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, तेव्हा 44 एडीएसारखे जुने कलम क्रमांक पाठ करण्यात अर्थ नाही.

व्यवसाय कर मात्र विसरू नये. महाराष्ट्राने तो 1975 साली लावला रोजगार हमी योजनेसाठी, 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याला जगवणाऱ्या कामांची आठवण ताजी असताना. स्वतंत्र व्यावसायिकाला तो वर्षाला 2,500 रुपये बसतो, भरायची मुदत 30 जून.