उन्हाळ्यातील कोंबड्या आणि परसबाग



उन्हाळा सुरू झाला की आपण बैल सावलीत बांधतो, गाईला दोनदा हौदावर नेतो. पण कोंबडीकडे कोणी फारसे बघत नाही. ती हिंडून पोट भरते, तिला काय लागते, असे आपण म्हणतो. आमच्या घरीही असेच म्हणत होते. त्यातून आमचे मोठे नुकसान झाले. तसे तुमचे होऊ नये म्हणून हा लेख लिहिला आहे.

आमच्या घरी काय घडले

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आजीच्या ९ गावरान कोंबड्या होत्या. अंडी विकून येणारे पैसे आजी एका डब्यात ठेवते. माझ्या वह्या आणि कंपासपेटी त्या डब्यातूनच येते. मे महिन्यात आम्ही सगळे एका लग्नाला गेलो. घरी कोणी नाही, कुत्री आणि मुंगूस येतील, म्हणून कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. खुराडे विटांचे आणि वर पत्रा. आत पाण्याचा एक डबा ठेवला. कडी मी लावली. २ कोंबड्या काही केल्या हाती लागल्या नाहीत. त्या बाहेरच राहिल्या.

संध्याकाळी येऊन बघतो तर आतल्या ७ पैकी ५ कोंबड्या मेलेल्या. पंख पसरलेले, चोची उघड्या. पाण्याचा डबा उलटलेला. आणि बाहेर राहिलेल्या दोघी? त्या न्हाणीमागे अळवाच्या पानांखाली ओल्या मातीत खड्डा करून खुशाल बसल्या होत्या.

मी खूप रडले. आजी मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "त्या दोघी ऐकल्या न्हाईत, म्हनून वाचल्या."

मग माझ्या मनात आले, दोघी का वाचल्या आणि पाच का मेल्या? ऊन तर सगळ्या गावाला सारखेच होते. मी गुरुजींना विचारले. जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांनाही विचारले. त्यांनी जे सांगितले आणि आम्ही जे करून पाहिले, ते खाली देत आहे.

कोंबडीला ऊन का बाधते?

आपल्या अंगाचे तापमान ३७ अंश असते. कोंबडीचे सुमारे ४१ अंश असते. म्हणजे ती मुळातच आपल्यापेक्षा गरम. त्यात अंगावर पिसांचे पांघरूण. आपल्याला घाम येतो आणि तो वाळला की गार वाटते. कोंबडीला घामच येत नाही. मग ती काय करते? चोच उघडून भराभरा धापा टाकते. त्यामुळे तोंडातला आणि घशातला ओलावा वाफ होऊन जातो व अंग थोडे निवते. तुरा, गलोल आणि पाय यांतूनही उष्णता बाहेर जाते. म्हणून ती पंख अंगापासून दूर धरते आणि ओल्या मातीत बसते.

आता खुराड्याचा विचार करा. वरचा पत्रा तापलेला, वारा नाही, सात कोंबड्या एकमेकींना चिकटून आणि पाणी सांडलेले. आतली हवा कोंबडीच्या अंगाइतकी तापली की अंगातली उष्णता जाणार कुठे? धापा टाकायला ओलावा लागतो, तोही संपला. म्हणजे कोंबड्या नुसत्या उन्हाने मेल्या नाहीत. आम्ही त्यांना भट्टीत कोंडले होते.

खुराडे कसे असावे?

पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा यांचा वीतभर थर घालावा. दुपारी १२ आणि ३ वाजता त्यावर पाणी शिंपडावे. चूल मात्र दूर असावी, नाहीतर पाचट पेट घेईल. आम्ही खुराड्याच्या दोन भिंतींतल्या वरच्या विटा काढून तिथे जाळी ठोकली. त्यामुळे इकडचा वारा तिकडे जातो आणि मुंगूसही आत शिरत नाही. दाराची फळी काढून तिथेही जाळीच बसवली.

सगळ्यांत चांगली सावली वेलाची. पाचटाची सावली नुसती ऊन अडवते. वेलाची पाने मात्र मुळांतून आलेले पाणी वाफ करून बाहेर टाकतात, त्यामुळे खालची हवा गार होते. आम्ही फेब्रुवारीत खुराड्याशेजारी दुधी आणि दोडका लावला व वर तुराट्यांचा मांडव केला. एप्रिलमध्ये वेलाने खुराडे झाकून टाकले. वळवाच्या वाऱ्यात मांडव उडतो, म्हणून मेढी खोल पुराव्यात आणि दोरीने आवळून बांधाव्यात.

पाणी आणि खाणे

एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हाळ्यात तेच अर्ध्या लिटरवर जाते. पत्र्याच्या डब्यातले पाणी तापते आणि गरम पाणी कोंबडी पीत नाही. म्हणून मातीचे पसरट भांडे घ्यावे. ते जमिनीत थोडे पुरावे, म्हणजे उलटत नाही. भांडी दोन असावीत, कारण दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर इतरांना येऊ देत नाही. लहान पिले असतील तर भांड्यात चार खडे टाकावेत, म्हणजे पिलू बुडत नाही.

दाणे पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी ५ नंतर द्यावेत. दुपारी देऊ नयेत. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते. भर दुपारी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तापायला नको. दुपारी द्यायचेच तर काकडीची साल, टरबुजाची साल, माठाची देठे असे पाणीदार खाणे द्यावे. शेवग्याचा पालाही कोंबड्या आवडीने खातात.

उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ का होते?

हा प्रश्न आईने विचारला होता. उत्तर ऐकून मलाही नवल वाटले. अंड्याचे कवच चुनखडीचे असते. ते बनायला कॅल्शियम लागते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइडही लागतो. कोंबडी सारखी धापा टाकते तेव्हा हा वायू श्वासावाटे जास्त बाहेर जातो. शिवाय उन्हात तिचे खाणे कमी होते. म्हणून कवच पातळ पडते. त्यावर उपाय म्हणजे सावली आणि गार पाणी. शिवाय अंड्यांची टरफले भाजून, कुटून दाण्यांत मिसळावीत. अख्खी टरफले टाकू नयेत, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खाण्याची खोड लागते.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. ती मडक्यात वाळू घालून, मडके सावलीत ओल्या जागेवर ठेवावे. अंडे ताजे आहे का हे पाण्यात टाकून कळते. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते आणि फार जुने असले तर तरंगते. वैशाखात खुडूक कोंबडी शक्यतो अंड्यांवर बसवू नये. अंडी उबवायला २१ दिवस लागतात. तेवढे दिवस एका जागी बसून तिचेही हाल होतात आणि पिलेही कमी निघतात.

कोंबडीला ऊन लागले तर

कोंबडी डोळे मिटून, मान टाकून धापा टाकत असेल तर लगेच सावलीत न्यावी. तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओला करावा. थोडे थोडे पाणी पाजावे. एकदम बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पण प्रत्येक मरतूक उन्हाची नसते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग झाला तर सगळे खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात देतात आणि ८ आठवड्यांनी टोचतात. लस सकाळच्या गारव्यात द्यावी. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. म्हणून एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा पाखरे मेली तर त्यांना हात लावू नये, खाऊ नये, उकिरड्यावर फेकू नये. आधी जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. आणि कोंबडीला किंवा अंड्याला हात लावला की साबणाने हात धुवावेत, हे रोजचेच.

परसबागेला पाणी कुठून आणायचे?

आता कोणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि बाग कसली? खरे आहे. मोठी माणसे सांगतात, एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याची किंमत आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. पण परसबागेला वेगळे पाणी लागत नाही. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरायचे असते.

आम्ही कोंबड्यांचे पाणी दिवसातून ३ वेळा बदलतो. जुने पाणी दुधीच्या आळ्यात ओततो. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी माठाच्या वाफ्यात जाते. न्हाणीचे साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. ते केळ, अळू आणि कर्दळ यांच्याकडे काढून द्यावे.

पाणी पहाटे किंवा दिवस मावळताना घालावे. दुपारी घातलेले बरेचसे उडून जाते. आणि आळे उघडे ठेवू नये. सोयाबीनचे भुसकट किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. त्याला आच्छादन म्हणतात. त्यामुळे ऊन मातीला लागत नाही आणि ओल टिकते. आमच्या भेंडीला आधी रोज पाणी लागे. आच्छादन केल्यावर एक दिवसाआड पुरले.

मिरची-वांग्यासाठी आम्ही मडकी पुरली आहेत. पाझरणारे कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि भोवती ४ रोपे लावायची. माती कोरडी झाली की ती मडक्यातले पाणी ओढून घेते. ओली असली की पाझर कमी होतो. मडक्याच्या तोंडावर झाकण मात्र हवेच. एक तर डास होतात आणि दुसरे म्हणजे कोंबडीचे पिलू आत पडते. आमचे एक पडले होते, पण वेळेवर काढले.

उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, दुधी आणि लाल माठ चांगले येतात. मेथी-कोथिंबिरीला सावली लागते. ती वेलाच्या मांडवाखाली लावावी.

कोंबडी बागेची शत्रू की मैत्रीण?

दोन्ही. रोपे कोवळी असताना कोंबडी शत्रू. आम्ही माठ पेरला त्याच दिवशी कोंबड्यांनी सगळा वाफा उकरला. आई तर म्हणाली, "एक तर कोंबड्या ठेवा, नाहीतर भाजी." मग आबांनी तुराट्यांचे कूड घातले. रोपांवर आम्ही डालगे पालथे घातले. एरवी डालग्याखाली कोंबड्या असतात, आमच्याकडे आता रोपे असतात!

रोपे गुडघ्याएवढी झाली की संध्याकाळी तासभर कोंबड्या आत सोडतो. त्या अळ्या, नाकतोडे, वाळवी वेचून खातात. आणि खत देतात. त्या खताचीही एक गोष्ट आहे. मी एकदा ताजी विष्ठा मिरचीच्या बुडाशी घातली. चार दिवसांत रोपे करपली. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो, तीच तिची लघवी. त्यामुळे ताजे खत फार कडक असते. ते पालापाचोळ्यात मिसळून, थोडे पाणी मारून २-३ महिने कुजवावे. काळे, भुसभुशीत झाले आणि वास गेला की खत झाले. उन्हाळ्यात गोळा केलेले खत मृगाच्या पेरणीला उपयोगी पडते. बागेतली पालेभाजी मात्र नीट धुऊनच खावी.

आमचे रोजचे काम

पहाटे : दाणे, गार पाणी, बागेला पाणी.
सकाळी १० वाजता : अंडी गोळा करणे, पाणी बदलणे.
दुपारी १२ ते ३ : पाचटावर दोनदा पाणी शिंपडणे, साली टाकणे, पाणी बदलणे.
संध्याकाळी ५ नंतर : अंडी, दाणे, पाणी बदलणे. नंतर तासभर कोंबड्या बागेत.
रात्री : मोजून आत घेणे, जाळीचे दार लावणे.

हे काम मी आणि माझा धाकटा भाऊ करतो. परीक्षेच्या दिवसांत आजी करते.

वाचलेल्या ४ कोंबड्यांपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. पावसाळ्यात दोघी खुडूक बसल्या, पिले झाली. आज लहानमोठ्या धरून ११ कोंबड्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात एकही उन्हाने मेली नाही. दुधीची भाजी खाऊन खाऊन मात्र आम्ही कंटाळलो. शेजारीपाजारीही वाटली. आजीच्या डब्यात पुन्हा पैसे साठू लागले आहेत.

आता पुन्हा लग्नसराई येईल. तुम्हीही घर बंद करून गावाला जाल. तेव्हा खुराड्याची कडी लावण्याआधी एक करा. आदल्या दिवशी दुपारी २ वाजता खुराड्यात हात घालून बघा. आत हाताला झळ लागली तर कोंबड्या कोंडू नका. शेजारच्या काकूंना सांगून, सावलीत दोन भांडी पाणी ठेवून जा. मी ते केले नव्हते.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी